पाळणा तोच, मालक नवा

शाळांना सुट्टी लागली की मुंबई-पुण्याकडची मुले ‘इमॅजिका’चा हट्ट धरतात. खोपोली-पाली रस्त्यावरचे हे उद्यान मनमोहन शेट्टी यांनी उभारले. मी कवितेतला माणूस. मला शेट्टी ठाऊक ते ‘अर्धसत्य’चे एक निर्माते म्हणून. पानवलकरांच्या कथेवरचा, दिलीप चित्र्यांची कविता पोटात घेऊन आलेला १९८३ चा तो चित्रपट. त्याआधी, १९७८ मध्ये, शेट्टींनी भागीदाराबरोबर ‘अ‍ॅडलॅब्स’ ही फिल्म धुण्याची प्रयोगशाळा काढली होती. २००५ मध्ये त्या कंपनीची मालकी अनिल अंबानींच्या समूहाकडे गेली आणि पुढे शेट्टी उद्यानाकडे वळले. २०१३ च्या एप्रिलमध्ये इमॅजिका उघडले, पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आले.

खर्च सोळाशे कोटींच्या घरात, त्यातला मोठा भाग बँकांच्या कर्जाचा. खरी गोम इथे आहे. दुकानात कापड पडून राहिले तर उद्या विकता येते. पाळण्यातली मंगळवारची रिकामी खुर्ची गेली ती गेलीच. ‘नायट्रो’ हा पाय अधांतरी लोंबकळत ठेवणारा स्विस बनावटीचा रोलर कोस्टर दहा माणसे आली तरी चालवावा लागतो, तपासावा लागतो. गर्दी होते ती शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत. व्याज मात्र आठवड्याचे सातही दिवस चढते, भर पावसाळ्यातसुद्धा! २०१५ मध्ये कंपनीने शेअर बाजारातून पैसा उभा केला, तरी कर्जाचे ओझे उतरले नाही. त्यात मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि दारेच बंद झाली.

अखेर २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने सुमारे ४१५ कोटी रुपये घालून ६६ टक्के हिस्सा घेतला. ‘गाय छाप’ जर्दावाले ते हेच. शिर्डी-लोणावळ्याकडे त्यांची जलउद्याने होती, म्हणजे हा धंदा त्यांना नवखा नव्हता. बँकांनी तडजोड करून येण्यातल्या मोठ्या रकमेवर पाणी सोडले. त्यांत सरकारी बँकाही होत्या, म्हणजे ठेवी तुमच्या-माझ्याच. हे मला बोचते. पण उद्यानाला टाळे लागले असते, तर त्या अजस्र यंत्रांना भंगारवाल्याने काय भाव दिला असता? शिवाय आसपासच्या गावांतल्या कामगारांचे काय?

नव्या मालकाला उद्यान उभारणीच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी पैशात मिळाले. जुन्या व्याजाचा भार तिकिटातून वसूल करण्याची पाळी त्याच्यावर आली नाही. २०२४ मध्ये मालपाणींनी आपली शिर्डी-लोणावळ्याची उद्यानेही याच कंपनीत आणली.