बॉनेटखालची सफाई : घरच्या घरी, पण सांभाळून

पावसाळा संपला की आपल्या मंडळींची दोन कामे ठरलेली असतात. एक माळे झाडणे आणि दुसरे दिवाळीला गावी जायची तयारी. बमरोली, पांडेसरा, उधना या पट्ट्यातली आपली पुष्कळ घरे मूळची धुळे, जळगाव, नंदुरबारकडची. पूर्वी ताप्ती लाइनच्या गाडीत जागा मिळवणे हीच तयारी असे. आता बऱ्याच दारांत चारचाकी आहे आणि व्यारा, सोनगड, नवापूर करीत कोंडाईबारी घाट चढून माणसे गावी जातात. जाण्याआधी गाडी बाहेरून चकचकीत होते, आतली मॅटही धुतली जाते. बॉनेट मात्र कोणी उघडत नाही, आणि उघडलेच तर थेट पाण्याचा पाइप लावतात. आमच्या मते या दोन्ही सवयी सारख्याच वाईट.

आपल्या भागात बॉनेटखाली जी घाण साचते ती थोडी वेगळी. मागांच्या गाळ्यांतून उडणारे धाग्याचे बारीक तंतू रेडिएटरच्या जाळीत अडकतात आणि त्यावर रस्त्याची धूळ बसून नमद्यासारखा थर तयार होतो. हवा जात नाही, म्हणून घाटात काटा वर चढतो. त्यात पावसाळ्यात उंदीर गाडीत घर करतात. वायरींचे आवरण कुरतडले गेले की शॉर्ट सर्किट होते. शिवाय त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात हा आजार नवा नाही. म्हणून रबरी हातमोजे आणि तोंडाला मास्क ही पहिली गोष्ट. लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका. जंतुनाशकाचे पाणी शिंपडा, थोडा वेळ थांबा आणि कागदाने उचला. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा.

इंजिन पूर्ण थंड हवे. सकाळी, गाडी सुरू करण्याआधीची वेळ उत्तम. तापलेल्या धातूवर गार पाणी पडले तर तडा जाऊ शकतो. गरम असताना रेडिएटरचे झाकण तर कधीच उघडू नये. आत दाबाखाली असलेले कूलंट शंभर अंशांच्या वर तापलेले असते, झाकण सैल होताच ते तोंडावर येते.

सीएनजी गाडी असेल तर बॉनेट उघडल्यावर आधी वास घ्या. गॅसचा वास आला तर सफाई तिथेच थांबली. गाडी सुरू करायची नाही आणि बॅटरीची वायरही काढायची नाही, कारण वायर काढतानाही ठिणगी पडते. गाडी उघड्यावर असू द्या, माणसे लांब करा, किट बसवणाऱ्याला बोलवा. हायब्रिड गाडीतल्या जाड नारिंगी वायरींनाही हात लावू नये. त्यांत जोराचा करंट असतो. त्या गाड्या सर्व्हिस सेंटरलाच द्याव्यात.

वास नसेल तर दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची वजा वायर काढून बाजूला करा. वजाच आधी का? गाडीची सगळी बॉडी वजा बाजूला जोडलेली असते. आधी अधिकची वायर सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. वजा सुटलेली असली की हा धोका राहत नाही. शिवाय काही गाड्यांचा पंखा किल्ली काढल्यावरही फिरू लागतो, तीही भीती जाते. घड्याळ आणि रेडिओची सेटिंग पुन्हा करावी लागेल, एवढाच त्रास.

मग अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीएम आणि एअर फिल्टरचे तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाका, रबर बँड लावा. काच आणि बॉनेट यांच्या मधल्या पन्हळीत लिंबाची, पिंपळाची पाने साचतात, ती हातानेच काढा. ती भोके तुंबली की पावसाचे पाणी केबिनमध्ये उतरते. रेडिएटरवरचे तंतू मऊ ब्रशने उभ्या रेषेत, हलक्या हाताने काढा. जाळीच्या पात्या बोटानेही वाकतात.

चिकट जागी पाण्यात मिसळणारे डिग्रीझर फवारा, पाच मिनिटे ठेवा, रंगाच्या ब्रशने घासा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. काही ठिकाणी अजून डिझेल किंवा रॉकेल मारून इंजिन ‘चमकवून’ देतात. चमकते खरे, पण रबरी नळ्या आणि पट्टे फुगतात, आणि गरम सायलेन्सरच्या जोडापाशी राहिलेले रॉकेल पेट घेऊ शकते. प्रेशर पंपाचे पाणीही नको. ते कनेक्टरच्या आत शिरते आणि गाडी चार दिवसांनी, नेमकी वाटेत बंद पडते. पाणी वापरायचेच तर हातपंपाच्या फवाऱ्याने, तांब्याभर. शेवटी पॉलिश मारायचा मोह झाला तर फिरत्या पट्ट्यांवर ते उडू देऊ नका, पट्टे घसरतात.

बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-निळी पूड हाताने पुसू नये, त्यात आम्ल असते. खायच्या सोड्याचे पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. सुकल्यावर थोडे व्हॅसलीन लावा. इंजिन आणि चेसिस नंबरची जागा मात्र जपा. बँकेत गाडीच्या कर्जाची तपासणी करताना आम्ही याच नंबरची पेन्सिलने छाप घ्यायचो. गाडी विकताना, विम्याच्या कामात तो वाचता यावा लागतो. कडक ब्रशने स्टिकर खरवडू नये.

तेलकट पाणी सोसायटीच्या पावसाळी गटारात सोडू नका, ते थेट खाडीला जाते. गाडीखाली जुने पोते पसरा, फडकी कचऱ्यात द्या. आपल्याच बमरोलीत २०१४ पासून महापालिका सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरवते, सुरुवातीला दिवसाला ४ कोटी लिटरची क्षमता होती. एवढा खटाटोप होत असताना आपल्या दारातले तेल खाडीत का जावे?

सगळे कोरडे झाल्यावर पिशव्या मोजून काढा, एखादी आत राहिली तर पंख्यात अडकते. वजा वायर शेवटी जोडा. बॉनेट उघडे ठेवूनच दहा मिनिटे इंजिन चालवा. ओढणी, सैल बाह्या आणि मुले लांब. हलकी वाफ येईल, ती चालते. जळका वास आला तर लगेच बंद करा.

खाडीचे पाणी गाडीत शिरले असेल तर यातले काहीही करू नका. २००६ च्या पुरानंतर सुरतेत किती गाड्यांचे इंजिन गेले हे जुन्या मेकॅनिकांना विचारा. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी टो करूनच न्यावी.

सफाईच्या रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी काळा-तपकिरी डाग दिसला तर ऑइल, हिरवा किंवा गुलाबी दिसला तर कूलंट. मळ निघाल्यावर अशी गळती सापडते, आणि गावी निघायच्या आठवडाभर आधी सापडली तर दुरुस्तीला वेळ मिळतो.