स्नेहपाक आणि अप्रकट उष्मा

सिद्ध घृत वा तैल करपले की दोष बहुधा कल्काला किंवा ढवळणाऱ्या कामगाराला दिला जातो. वस्तुतः अग्नी तोच असतानाही पाकाच्या अखेरीस पात्रातील तापमान एकाएकी का चढते, याचे कारण पदार्थविज्ञानात स्पष्ट आहे आणि फार्मसीचालकांनी ते हिशोबासह जाणून घेणे इष्ट ठरेल.

पाणी उकळू लागले की त्याचे तापमान स्थिर राहते. जळगाव व धुळे समुद्रसपाटीपासून सुमारे 200 ते 260 मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे ते 99 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. पुढे जाळ कितीही वाढविला तरी क्वाथ अधिक तापत नाही, केवळ लवकर आटतो. दिलेली उष्णता पाण्याचे बाष्प करण्यात खर्ची पडते. हाच अप्रकट उष्मा. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने तो प्रथम ओळखला. एक किलो पाणी 30 अंशांवरून उकळीस आणण्यास सुमारे 70 किलोकॅलरी पुरतात. त्याचे संपूर्ण बाष्प करण्यास मात्र सुमारे 540 लागतात.

आता कल्क 1, स्नेह 4 व द्रव 16 किलो असा नेहमीचा पाक घेऊ. द्रव शिल्लक आहे तोवर स्नेह 100 अंशांच्या फारसा वर जात नाही. पाणीच त्याचे रक्षण करते. (तळाशी चिकटलेला कल्क याला अपवाद, म्हणून ढवळणे.) 16 किलो पाण्याच्या बाष्पीभवनास सुमारे 8640 किलोकॅलरी लागतात. ते आठ तासांत आटले, तर मिनिटाला 18 किलोकॅलरी पात्राला मिळत होत्या. तुपाची विशिष्ट उष्मा पाण्याच्या जवळपास निम्मी. 4 किलो तूप 100 वरून 150 अंशांवर नेण्यास अवघ्या 100 किलोकॅलरी पुरतात. म्हणजे पाणी संपताच, त्याच जाळावर, सहा मिनिटांचे काम! कल्क, पात्र आणि बाहेर जाणारी उष्णता हिशोबात धरली तरी अवधी काही मिनिटांचाच. मृदू, मध्यम आणि खर पाक यांतील अंतर घड्याळात इतके थोडे असते.

ग्रंथोक्त सिद्धिलक्षणे या दृष्टीने पाहावीत. कल्काची वात अग्नीवर धरली असता तडतडते, कारण उरलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते. शब्द थांबला की पाणी संपले. म्हणून फेस व वाफ मंदावू लागताच अग्नी कमी करावा. तापमापीतील आकडा 100 ओलांडून चढू लागला, तर परीक्षा तत्काळ घ्यावी. जाड बुडाचे पात्र चुलीवरून उतरविल्यावरही उष्णता देत राहते, हे विसरू नये. पऱ्हाटीचा भडक जाळ खानदेशी भरितास उत्तम, पण पाकाच्या अंतिम टप्प्यास तो सर्वथा अयोग्य. पाणी राहून गेले, तर उलट घृत लवकर बिघडते.

उन्हाळ्यात रुग्णांकडून येणारी एक तक्रारही याच विषयातली आहे. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावकडे पारा 43-44 अंशांवर गेला की बाटलीतील घृत पातळ होते आणि पुढे सावकाश थिजताना कणीदार बनते. हा केवळ अवस्थाबदल असून औषध बिघडल्याचे लक्षण नव्हे. खवट वास मात्र हवेतील प्राणवायूच्या क्रियेमुळे येतो व उष्णतेने ती क्रिया वेग घेते. असे घृत परत घ्यावे. बाटल्या काठोकाठ भरून, घट्ट झाकणाने, पत्र्याच्या छपराखालील फळीऐवजी खालच्या थंड कप्प्यात ठेवाव्यात.