गैरहजर मनुष्याचें मत

नळास पाणी आलें नाहीं, गटार तुंबलें, किंवा शाळेच्या छपरांतून पाऊस वर्गांत उतरला, कीं आपल्या सुशिक्षित घरांतून एक वाक्य हमखास ऐकूं येतें: "त्यांना कशाचें कांहीं पडलेलेंच नाहीं!" हे 'ते' कोण, याची चौकशी मात्र कोणी करीत नाहीं. जेवणाच्या पंगतींत साऱ्या जगाच्या राजकारणाचा ऊहापोह होतो, दिल्लीच्या अंदाजपत्रकावरून काका-पुतण्यांचे खटके उडतात. परंतु आपल्या ग्रामपंचायतीनें गेल्या वर्षीं किती रुपये जमविले आणि ते कोठें खर्च केले, हें त्या पंगतींतील एकासही सांगतां येत नाहीं. सभेची नोटीस फळ्यावर लागते, गांवांत दवंडीही फिरते, आणि आपण "तेथें जाऊन काय व्हायचें आहे?" असें म्हणून दार लावून घेतों.

सभेस न जाणारा गृहस्थ आपण कोणत्याच पक्षाचे नाहीं, तटस्थ आहों, अशा समजुतींत सुखानें असतो. ही समजूत किती चुकीची आहे, एवढेंच दाखविण्याचा आमचा आजचा हेतु आहे. गैरहजर मनुष्यही मत देत असतो. फक्त तें कोणत्या बाजूस पडलें, हें त्यास कळत नाहीं.

प्रथम ग्रामसभा म्हणजे काय तें पाहूं. आपल्या राज्यांतील ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ सालचा आहे. आणि २४ एप्रिल १९९३ पासून अंमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें ग्रामसभेस खुद्द राज्यघटनेंत स्थान मिळालें. ग्रामपंचायत व ग्रामसभा या दोन निरनिराळ्या संस्था आहेत, हा भेद पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पंचायतीचा सभासद निवडून यावा लागतो; ग्रामसभेचें सभासदत्व मात्र गांवच्या मतदारयादींत ज्याचें नांव आहे त्या प्रत्येकास आपोआप प्राप्त होतें. मागील वर्षाचा जमाखर्च, पुढील वर्षाचीं कामें, सरकारी योजनांचा लाभ कोणत्या कुटुंबांस द्यावयाचा त्यांची निवड, हे विषय या सभेपुढें यावे लागतात. सरपंच हा घरचा कारभारी खरा. परंतु घराचे मालक हे सर्व मतदार होत, आणि कारभाऱ्यानें मालकांपुढें वही उघडून ठेवण्याचा जो दिवस, तोच ग्रामसभेचा दिवस. वर्षांतून अशा चार सभा तरी व्हाव्या असा दंडक असून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे दिवस त्यासाठीं रूढ झालेले आहेत.

आतां गैरहजर मनुष्याच्या मताचा हिशेब मांडूं. सभा कायदेशीर होण्यास एकूण मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १००, यांतील जी संख्या कमी असेल तितकी माणसें हजर असावीं लागतात. चारशें मतदारांच्या वाडीस साठ माणसें हवींत. दोन हजार मतदारांच्या गांवास शंभर पुरतात. दोन हजारांतून शंभर! एखाद्या बऱ्यापैकीं लग्नांत याहून अधिक पानें पहिल्याच पंगतीस बसतात. तरीही कित्येक गांवीं ही संख्या भरत नाहीं, आणि सभा तहकूब होते. पुढील गोष्ट अशी कीं, या तहकूब सभेस मग गणसंख्येचें बंधन उरत नाहीं. पंधरावीस असामी येतात, तेच विषय वाचले जातात, माना डोलतात, ठराव मंजूर होतात. आणि ते सर्व गांवाचे ठराव ठरतात. ज्यांना थोडक्यांतच कारभार उरकावयाचा असतो त्यांना गर्दी नकोच असते. पहिल्या सभेस जे घरीं बसले, त्यांनीं नकळत या मंडळींच्या हातीं आपलें कुलमुखत्यारपत्र देऊन टाकलें, असेंच म्हणावें लागेल.

दुसरें उदाहरण याहूनही बोलकें आहे. गांवांतील दारूचें दुकान बंद करण्याचा अधिकार गांवकऱ्यांस, व विशेषतः स्त्रियांस, २००८ सालच्या शासनाच्या आदेशानें मिळालेला आहे. यादींतील शेंकडा २५ स्त्री-मतदारांनीं मागणी केली म्हणजे मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रें असतात, एक उभी बाटली व एक आडवी बाटली. आडवी म्हणजे दुकान बंद. परंतु अट अशी कीं, आडव्या बाटलीस मिळालेलीं मतें यादींतील एकूण स्त्री-मतदारांच्या निम्म्यांहून अधिक भरलीं पाहिजेत. आलेल्यांच्या निम्म्यांहून नव्हे. समजा, यादींत आठशें स्त्रिया आहेत. त्यांपैकीं पांचशें आल्या, तीनशें नव्वद जणींनीं आडवी बाटली निवडली व एकशें दहा जणींनीं उभी. जवळजवळ चारपंचमांश मतें दारूच्या विरुद्ध पडलीं, तरीही दुकान चालूंच राहिलें; कारण चारशें एक मतें हवीं होतीं. तें दुकान कोणी राखलें? दारूवाल्याच्या बाजूनें आलेल्या एकशें दहा जणींनीं खचित नव्हे. घरीं राहिलेल्या तीनशें जणींनीं! त्यांतील बहुतेक जणी दारूचा तिटकारा असणाऱ्याच असतील. परंतु मतमोजणींत तिटकारा मोजला जात नाहीं, हजेरी मोजली जाते.

गैरहजेरीचें बळ असें असेल, तर एकट्या हजर मनुष्याचें बळ तरी किती, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास आपल्या पुण्याचाच इतिहास उत्तर देतो. महात्मा जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळांत पुणें नगरपालिकेचे सभासद होते. १८८० च्या सुमारास लॉर्ड लिटन यांच्या स्वागताप्रीत्यर्थ नगरपालिकेच्या तिजोरींतून एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हां बत्तीस सभासदांपैकीं एकट्या जोतीरावांनीं त्याच्या विरुद्ध मत दिलें. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लागावा, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या दिवशीं ते हरले. पण ज्या एकतीस जणांनीं होकार भरला त्यांचीं नांवें आज कोणास आठवत नाहींत. नोंदविलेला एक नकार मात्र शंभराहून अधिक वर्षें टिकून राहिला आहे. पुढें नामदार गोखल्यांसारख्या थोर पुरुषानें कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे-मंडळाचें काम करीत असतांही याच नगरपालिकेचें अध्यक्षपद पत्करलें. त्यांना जें काम लहान वाटलें नाहीं तें आपणांस क्षुद्र वाटावें, हें कांहींसें चमत्कारिकच नव्हे काय?

आणि सबंध गांवच सभेस येऊं लागलें तर काय होतें, हें पाहावयाचें असेल तर अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार पाहावें. अवर्षणाच्या टापूंतलें हें गांव. तरुण मंडळी कामासाठीं बाहेर निघून जात. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, आणि गांवाचे मोठे निर्णय ग्रामसभेंत होऊं लागले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, दारूबंदी, श्रमदान हे नियम ठरले. शेतीसाठीं विंधनविहीर खोदावयाची नाहीं, ऊंस व केळीं लावावयाचीं नाहींत, असेंही ठरलें. पाऊस किती पडला तें मोजून, पिण्यास किती, गुरांस किती, शेतीस किती, असें पाण्याचें अंदाजपत्रक सभेपुढें मांडण्याची तेथें प्रथा आहे. स्वतःच्या शेतांत स्वतःच्या पैशानें विंधनविहीर घेण्यास मनाई करणें ही सोपी गोष्ट नव्हे. सरकारनें वरून अशी आज्ञा काढली असती तर शंभर पळवाटा निघाल्या असत्या. परंतु ज्या सभेंत आपण स्वतः हात वर केला, तिचा नियम मोडतांना शेजाऱ्याच्या डोळ्यांस डोळा भिडवावा लागतो.

गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा हें गोंड लोकांचें लहानसें गांव तर याहीपुढें गेलें आहे. तेथें बहुमतानें निर्णय करीत नाहींत. सर्वांचें एकमत होईपर्यंत बोलणें चालू ठेवतात, आणि विषय समजावा म्हणून त्यासाठीं निराळा अभ्यासगटही बसतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क या गांवास मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्यें बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हातीं आला. ज्यांना आपण 'मागासलेले' म्हणण्याची घाई करितों, त्यांच्याकडून सभा कशी चालवावी याचा धडा पदवीधर घरांनीं अवश्य घ्यावा.

आतां आमच्या वाचकभगिनींसाठीं दोन शब्द. पंचायतींत स्त्रियांसाठीं एकतृतीयांश जागा १९९३ पासून राखून ठेवण्यांत आल्या, आणि महाराष्ट्रांत २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. शिवाय नियमित ग्रामसभेच्या आधीं स्त्रियांची वेगळी सभा भरविण्याची तरतूद आमच्या राज्याच्या कायद्यांत आहे. तरी कित्येक घरीं निवडून आलेल्या सूनबाई स्वयंपाकघरांत असतात आणि पंचायतीच्या खुर्चीवर चिरंजीव बसलेले आढळतात! एकत्र कुटुंबांत या बाबतींत खरी किल्ली वडीलधाऱ्यांच्या हातीं असते. "आज सभा आहे, चूल मी पाहतें, तूं जा," एवढें एक वाक्य सासूबाईंनीं उच्चारलें, तर त्यानें जें साधेल तें दहा व्याख्यानांनीं साधणार नाहीं. पाणी कोणत्या वेळीं यावें, मुलींच्या शाळेंत शौचकूप आहे कीं नाहीं, हें ज्यांना रोज भोगावें लागतें त्यांनींच तें सांगितलें पाहिजे.

शहरांतील वाचक म्हणतील, आमच्याकडे ग्रामसभा कोठें आहे? खरें आहे, शहरवासीयांचा हक्क खेडुतांहून दुबळा आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनें तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक केल्या. २००९ सालीं राज्यानें मतदारांच्या 'क्षेत्रसभां'चीही तरतूद केली, पण ती बहुतांशीं कागदावरच राहिली. २०२२ च्या मार्चमध्यें मुंबई व पुणें येथील महापालिकांची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथें लोकनियुक्त सभाच नव्हती; कारभार प्रशासकांनीं पाहिला. एवढ्या काळांत किती घरांत या गोष्टीची हळहळ झाली? तरीही वाट अगदींच बंद नाहीं. पुणें महापालिकेनें २००६-०७ पासून अंदाजपत्रकांत नागरिकांनीं सुचविलेलीं कामें घेण्याची पद्धत सुरू केली. आपल्या गल्लींतील पदपथ, दिवा, बसण्याचें बांकडें यांसाठीं एक अर्ज भरून द्यावा लागतो, एवढेंच.

येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें नमूद केला पाहिजे. "आम्ही गेलों तरी आमचें ऐकतो कोण? तेथें आरडाओरड, तट आणि जातपात यांखेरीज दुसरें काय असतें?" हें सर्वस्वीं खोटें नाहीं. दुबळ्या मनुष्याचा आवाज दडपला जातो, आणि कांहीं ठिकाणीं सभा न भरवितां घरोघर सह्या गोळा होतात, हेंही खरें. परंतु या रोगावर औषध कोणतें? चार शांत, लिहितीं-वाचतीं माणसें सभेंत जाऊन बसलीं, त्यांनीं दुबळ्याचें बोलणें पुरें होऊं द्या असा आग्रह धरला, कीं ओरडणाराचा सूर आपोआप उतरतो. शिकलेल्या मनुष्यानें तेथें पुढारी होण्याची गरज नाहीं. साक्षीदार झाला तरी पुरे.

याकरितां फार मोठी तयारीही लागत नाहीं. नोटीस लागतांच विषयपत्रिका उतरून घ्यावी व ती रात्रीं घरांत मोठ्यानें वाचावी. मागील सभेचे ठराव अंमलांत आले काय, अमुक कामावर किती खर्च झाला, आणि तें काम आज कोणत्या स्थितींत आहे, एवढे तीनच प्रश्न नम्रपणें विचारावे. सभेंत आपला विरोध असल्यास तो इतिवृत्तांत लिहून घेण्याचा आग्रह धरावा. इतिवृत्त दाखविण्यास कोणी टाळाटाळ केली, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें त्याची नक्कल मागतां येते. ज्या घरीं किराणा-दुधाचा हिशेब पैपर्यंत लिहिला जातो, त्या घरास हें काम अवघड वाटूं नये.

कुटुंबांत आठ-दहा मतदार असतील, तर सर्वांनीं जावें असें आम्ही म्हणत नाहीं. म्हातारीं माणसें, लहान मुलें, परीक्षा, पाहुणे, सर्व कांहीं असतें. पण दर सभेस घरांतील निदान दोघांनीं, एक पुरुष व एक स्त्री, पाळीपाळीनें जावें, आणि परत आल्यावर काय ठरलें तें जेवतांना सर्वांस सांगावें, एवढा परिपाठ ठेवतां येईल. मग पंगतींत 'त्यांना' असा शब्द निघाला, तर तो कोणास उद्देशून आहे हें निदान नांवानिशीं सांगतां येईल. आणि पुढील सभेंत तेंच बोलणें त्यांच्या तोंडावर करतांही येईल.