क्रिस्तपुराणातील पाप आणि तारण

इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. लिपी रोमन, पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा!

ग्रंथाचे भाग दोन. पहिल्यात सृष्टीची उत्पत्ती, आदाम-एवेचे पतन आणि तारणाऱ्याची वाट पाहणे. दुसऱ्यात येशूचे चरित्र. या क्रमातच ख्रिस्ती विचाराचा गाभा आहे. इथे पाप म्हणजे निव्वळ एखादे दुष्कृत्य नव्हे, तर देवापासून तुटणे. आणि हे तुटलेपण आदामापासून साऱ्या मानवजातीला लागले. कर्मविपाक अंगवळणी पडलेला वाचक इथे हमखास अडखळतो. मागच्या जन्मीचे संचित नाही, आणि नुसते पुण्य गाठीला बांधून सुटकाही नाही. तारण मिळते ते देवाच्या कृपेने, क्रूसावरील येशूच्या बलिदानामुळे. श्रद्धा, पश्चात्ताप, बाप्तिस्मा हा माणसाचा त्याला प्रतिसाद.

सार्वकालिक जीवनाची आशा टेकली आहे ती येशूच्या पुनरुत्थानावर. ती केवळ आत्म्याच्या अमरत्वाची नाही. शेवटच्या दिवशी मृत माणसे देहासह उठतील, असे चर्च मानते. पुनर्जन्माशी तिची गल्लत करू नये.