पेन्सिल हिल ते डॉक्टर चप्पल

नरडाण्याच्या लग्नात एकदा नवरा-नवरीकडे न बघता वऱ्हाडाच्या पायांकडे बघा. कॉलेजातली भाची पेन्सिल हिलवर, तिची आई ब्लॉक हिलवर, मावशी वेजवर आणि आजी मऊ तळाच्या डॉक्टर चपलेवर. एकाच मांडवात बाईच्या चपलेचं सगळं आयुष्य दिसतं. त्यात मांडव शेतात असला तर बघायलाच नको. आपली काळी माती पेन्सिल हिलला खुंटीसारखी धरून ठेवते. जेवणं उरकेपर्यंत सँडल पायातून हातात येते.

हिल आधी घोड्यावर बसली
उंच टाच बायकांसाठी निघालीच नव्हती. इराणी घोडेस्वार ती घालत, कारण टाचेमुळे पाय रिकिबीत पक्का अडके आणि धावत्या घोड्यावर उभं राहून बाण सोडता येई. तिथून ती युरोपातल्या सरदारांकडे गेली. फ्रान्सचा चौदावा लुई तर लाल टाचांचे जोडे मिरवायचा. आजची पेन्सिल हिल १९५०च्या दशकातली. इतक्या बारीक टाचेवर माणसाचा भार पेलायला आत पोलादी सळई घालावी लागली, तेव्हा कुठे ती उभी राहिली.

टाचेला परवाना
अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कार्मेल गावात १९६३पासून नियम आहे: दोन इंचांहून उंच आणि बुडाशी एक चौरस इंचाहून बारीक टाच घालायची तर नगरपालिकेचा परवाना घ्या. तो फुकट मिळतो. झाडांच्या मुळांनी तिथल्या फरसबंद वाटा उचलल्या आहेत. कुणी पडलं तर गावावर दावा नको, म्हणून ही काळजी. ग्रीसने २००९ साली प्राचीन वास्तूंमध्ये अशा टाचांना बंदी केली. सगळा भार एवढ्याशा टोकावर आला की दगडालाही खड्डा पडतो.

साठीत नंबर बदलतो
एका पायात २६ हाडं आणि ३३ सांधे. टाच जितकी उंच, तितका भार चवड्यावर. तरुणपणी तळव्याखालची चरबीची गादी तो झेलते. वयाबरोबर ही गादी पातळ होते, पायातले बंध सैलावतात, पाऊल पसरतं आणि थोडं लांबतंही. लग्नात घेतलेला नंबर साठीत लागत नाही, तो यामुळेच. तरी कितीतरी बायका दुकानात जुनाच नंबर सांगतात आणि मग अंगठ्याशेजारी वाढलेलं हाड, कुरूपं, टाचदुखी सोसत राहतात. मला याचं फार वाईट वाटतं. मापच चुकलेलं असतं, आणि दोष मात्र वयाला मिळतो.

एकदम खाली उतरू नका
वर्षानुवर्षं हिल्स घालणाऱ्या बायकांच्या पोटऱ्या इंग्लंडमधल्या संशोधकांनी तपासल्या. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या बायकांचे स्नायुतंतू सुमारे १३ टक्के आखूड आढळले आणि टाचेमागची शीर जाड व ताठ झालेली दिसली. म्हणून अशा बाईने एका दिवसात सपाट चप्पल घातली तर पोटरी ओढते. तीन इंचांवरून दोन, दोनवरून एक, असं सवडीने उतरावं.

सपाट म्हणजे आरामाची, असंही समजू नका. नवी कोल्हापुरी सपाटच, २०१९मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण मुरेपर्यंत ती पाय सोलते. झिजलेली रबरी स्लीपर तर ओल्या मोरीत वैरीण. मागे पट्टा, पुढे बोटांना ऐसपैस जागा, न घसरणारा तळ आणि इंचभर रुंद टाच, एवढं असलं की वय झालेल्या पायाला पुरतं.

दोन लता
आता अनवाणी पायांबद्दल. तापीकाठचं थाळनेर आपल्याला जवळचं. ते लता मंगेशकरांचं आजोळ. लतादीदी गाणं ध्वनिमुद्रित करताना चप्पल बाहेर काढून अनवाणी उभ्या राहत.

दुसऱ्या लता करे. साठी ओलांडलेल्या, नऊवारीतल्या. नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवेत म्हणून त्या बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावरच्या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. पण त्या धावल्या गरजेपोटी. त्यांना बघून आपल्या आजीला अनवाणी फिरवू नये.

चैत्रातला डांबरी रस्ता
चैत्रात शिरपूरकडून सप्तशृंगी गडाला निघालेले पायी भाविक आपल्या महामार्गाने जातात. अनवाणी चालणं हा श्रद्धेचा भाग, त्याबद्दल आदरच आहे. फक्त मधुमेह असलेल्यांना एक सांगणं: साखरेने तळव्याची जाणीव कमी होते, चटका बसला तरी कळत नाही आणि साधा फोड चिघळत जातो. देवीआईला नवस थोडा बदलून बोला, पण पायात काहीतरी घाला. आणि गडावर जाताना कोरी चप्पल घालू नका, महिनाभर आधी वापरून घ्या.

शेवटी मुला-मुलींना विनंती. आईसाठी धुळ्याहून नुसत्या नंबरावर चप्पल आणू नका. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा तिलाच दुकानात न्या. उभं करून दोन्ही पायांचं माप घ्या आणि मोठ्या पायाला बसेल तोच जोड घ्या.