द्राक्षांतील कीटकनाशक अवशेषांचे परीक्षण

द्राक्षांतील कीटकनाशक अवशेषांचे परीक्षण म्हणजे फवारणीनंतर फळावर किंवा फळात उरलेल्या रसायनांची ओळख पटवून त्यांचे प्रमाण ठरविण्याची प्रयोगशाळेतील प्रक्रिया होय. हे प्रमाण मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम या एककात सांगतात. कायद्याने ठरविलेल्या प्रमाणाला कमाल अवशेष मर्यादा म्हणतात. ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम ही मर्यादा म्हणजे २० किलो द्राक्षांत केवळ १ मिलिग्रॅम रसायन.

पार्श्वभूमी

नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे हे महाराष्ट्रातील प्रमुख द्राक्ष उत्पादक जिल्हे आहेत. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल व ॲसिफेट या कीटकनाशकांचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळले. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांसाठी अवशेष संनियंत्रण योजना सुरू झाली. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा कार्यरत झाली. २००६ मध्ये अपेडा या केंद्रीय निर्यात विकास प्राधिकरणाने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय प्रणाली आणली. तिच्यामुळे प्रत्येक पेटीतील द्राक्षांचा माग मूळ बागेपर्यंत काढता येतो.

परीक्षणाचे टप्पे

नमुना : बागेच्या वेगवेगळ्या भागांतील वेलींवरून घड घेतले जातात. एकाच कोपऱ्यातील घड संपूर्ण बागेचे प्रतिनिधित्व करू शकत नाहीत. देठ काढलेले मणी न धुता एकजीव वाटतात.

निष्कर्षण : या लगद्यातील रसायने द्रावकात उतरवून घेतात. मांजरी येथे विकसित झालेल्या पद्धतीत १० ग्रॅम लगद्यासाठी १० मिलिलिटर एथिल ॲसिटेट वापरतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅचर्स’ पद्धतीत ॲसिटोनायट्राइल हे द्रावक असते. झटपट, सोपी, स्वस्त, परिणामकारक, भक्कम व सुरक्षित या अर्थाच्या सहा इंग्रजी शब्दांवरून तिचे नाव पडले. क्षार मिसळल्यावर पाणी व द्रावक यांचे थर वेगळे होतात आणि बहुतेक कीटकनाशके द्रावकाच्या थरात येतात.

शुद्धीकरण : द्राक्षांतील आम्ले, शर्करा व रंगद्रव्ये मापनात अडथळा आणतात. विशिष्ट शोषक भुकटी मिसळून ती बरीचशी दूर करतात.

मापन : सहज वाफ होणारी व उष्णतेने न विघटणारी रसायने वायू क्रोमॅटोग्राफीने, तर इतर बरीचशी द्रव क्रोमॅटोग्राफीने विलग करतात. पुढे मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्यांच्या आयनांचे वस्तुमान मोजतात, ते आयन फोडतात आणि तुकड्यांचेही वस्तुमान मोजतात. बाहेर पडण्याची वेळ आणि तुकड्यांचे परस्पर प्रमाण ही दोन्ही जुळली, तरच रसायनाची ओळख निश्चित मानतात. अशा एका चाचणीत शेकडो रसायने तपासता येतात.

पडताळणी : कीटकनाशकमुक्त द्राक्षांत ज्ञात प्रमाणात रसायन मिसळून ते किती परत मिळते, हे पाहतात. सरासरी ७० ते १२० टक्के प्राप्ती सामान्यतः ग्राह्य धरली जाते.

२०१० चे क्लोरमेक्वाट प्रकरण

२०१० च्या हंगामात तपासणी होऊन युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड आढळले. तेथील मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम होती. माल अडकून पडला आणि निर्यातदारांसह शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले. ‘सीसीसी’ या नावाने परिचित असलेले हे रसायन कीटकनाशक नसून वाढरोधक संजीवक आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटींची वाढ आवरून काडीत घडनिर्मिती व्हावी, म्हणून बागायतदार ते वापरत असत.

ते भारतातील तपासणीच्या यादीत नव्हते. शिवाय त्याचे आयन कायम धनप्रभारित असल्याने ते पाण्यातच राहते, द्रावकाच्या थरात पुरेसे उतरत नाही. त्यामुळे बहु-अवशेष चाचणीत ते निसटते. त्यासाठी आम्लयुक्त मिथेनॉलने स्वतंत्र निष्कर्षण करावे लागते. या प्रकरणानंतर त्याचा तपासणीत समावेश झाला.

अहवालाचा अर्थ

‘अवशेष आढळले नाहीत’ या शेऱ्याचा अर्थ, यादीतील रसायने त्या पद्धतीच्या मापनमर्यादेपर्यंत आढळली नाहीत, इतकाच असतो. यादीबाहेरील रसायनाविषयी तो काहीही सांगत नाही. तसेच युरोपीय निर्यातीसाठी होणारी बागनिहाय तपासणी देशांतर्गत विक्रीला लागू नाही. दादर किंवा लालबागच्या बाजारातील द्राक्षांबाबत अन्न सुरक्षा अधिकारी निवडक नमुने घेऊन तपासणीस पाठवू शकतात.