पानाचे छायाचित्र व यंत्राचे निदान

रोगट पानाचे छायाचित्र घेताच मोबाइल रोगाचे नाव सांगतो. हे ज्ञान त्यास कोठून येते? तज्ज्ञांनी रोगांची नावे दिलेली हजारो छायाचित्रे संगणकास पुरविली जातात व त्यांवरून तो रंग, डाग इत्यादी खुणा स्वतःच ठरवितो.

‘प्लांटव्हिलेज’ या संग्रहातील १४ पिकांच्या ५४,३०६ छायाचित्रांवरील असा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्याच संग्रहातून परीक्षेसाठी राखून ठेवलेल्या छायाचित्रांचे निदान ९९ टक्क्यांहून अधिक अचूक ठरले. निराळ्या परिस्थितीत घेतलेल्या छायाचित्रांवर मात्र हे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवर घसरले. संग्रहातील पाने खुडून साध्या कागदावर मांडलेली होती. शेतात ऊन, सावली, माती व शेजारची पाने एकत्रच दिसतात.

तेव्हा केवळ यंत्राच्या सांगण्यावरून फवारणी करू नये. पान उलटून पाहावे. टोमॅटोवरील लवकर येणाऱ्या करप्याच्या डागात एकात एक वलये असतात. उशिरा येणाऱ्या करप्यात दमट हवेत पानाच्या खालच्या बाजूस पांढरी बुरशी आढळते. वरून घेतलेल्या छायाचित्रात ती कशी दिसणार!

संगणकशास्त्र शिकणाऱ्या गावातील मुलांनी आपल्याच शिवारातील पानांची छायाचित्रे सकाळी, दुपारी व ढगाळ हवेत घेऊन असा संग्रह करावा. रोगाचे नाव मात्र कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांकडून तपासून घेऊनच त्यावर लिहावे.